स्टुटगार्टचं चित्र काढणारं यंत्र

बालमित्रांनो, नकाशाची वही उघडा. जर्मनीच्या नैऋत्येला, नेकर नदीच्या काठी स्टुटगार्ट हे शहर सापडेल. आज आपण तिथे फेरफटका मारू या.

भोवताली टेकड्या आणि मध्ये वाटीसारखा खोलगट भाग. त्या वाटीत हे शहर वसलंय. उतारांवर द्राक्षांचे मळे आहेत, तेही थेट शहरापर्यंत आलेले! उतारावरच्या घरांकडे जायला जागोजागी जिने आहेत. मर्सिडीज आणि पोर्शे या मोटारींचं हे गाव. पण आपण मोटारी बघायला आलेलो नाही. आपल्याला बघायचंय एक प्रदर्शन, आणि त्यासाठी १९६५ सालच्या फेब्रुवारीत जायला हवं.

इथल्या तांत्रिक महाविद्यालयात (१९६७ पासून ते स्टुटगार्ट विद्यापीठ झालं) माक्स बेन्झे हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. त्यांनी हे प्रदर्शन भरवलं. भिंतीवर बारीक रेघांची लहान लहान चित्रं होती. ती गेऑर्ग नेस यांची. नेस चित्रकार नव्हते, गणिती होते. आणि गंमत म्हणजे चित्रं काढताना त्यांनी हातात पेनही धरलं नव्हतं!

मग चित्रं काढली कुणी? यंत्राने. त्या काळचा संगणक म्हणजे मोठमोठी कपाटंच. त्याला माऊस नव्हता. नेस अल्गोल नावाच्या संगणकाच्या भाषेत सूचना लिहीत. अशा सूचनांच्या यादीला आज्ञावली म्हणतात. संगणकाने केलेल्या गणिताची उत्तरं कागदी पट्टीवर भोकांच्या रूपात उमटत. ती पट्टी ग्राफोमाट या टेबलासारख्या यंत्राला दिली, की त्यावरचं पेन आपोआप सरकू लागे.

नेस यांनी सूचनांमध्ये एक खुबी ठेवली होती. रेघ कुठे वळवायची, किती लांब काढायची, हे कधी कधी फाशाच्या दानासारख्या आकड्यांवर सोडून दिलं होतं. त्यामुळे चित्र कसं येणार, हे त्यांनाही आधी नेमकं ठाऊक नसे.

प्रदर्शनाला आलेले चित्रकार मात्र रागावले. यंत्राने काढलेल्या रेघांना कला कसं म्हणायचं? एकाने नेस यांना विचारलं, की तुमचं यंत्र माझ्यासारखं चित्र काढू शकेल का? नेस म्हणाले, हो, पण आधी तुम्ही चित्र कसं काढता ते मला नीट सांगा. फ्रीडर नाके यांनी पुढे हा किस्सा लिहून ठेवला आहे.

हे नाके स्टुटगार्टमध्येच गणित शिकत होते. तेही अशीच चित्रं करत. त्याच वर्षी नोव्हेंबरात, याच शहरातल्या एका पुस्तकाच्या दुकानात नेस आणि नाके या दोघांचं प्रदर्शन लागलं.

१९६८ च्या सुमारास नेस यांनी एक चित्र केलं. त्याचं नाव ‘शॉटर’, म्हणजे खडी. त्यात २२ ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत १२ चौकोन. वरचे चौकोन कवायतीला उभ्या असलेल्या मुलांसारखे शिस्तीत. खाली येता येता ते थोडे कलतात, मग सरकतात, आणि शेवटी रस्त्यावर ओतलेल्या खडीसारखे विस्कटून जातात! लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात हे चित्र जपून ठेवलं आहे.

आता तुम्हीच खडी करून बघा. संगणक नको. वही, पट्टी, कोनमापक आणि लुडोचा फासा पुरे. सहा ओळी आखा, ओळीत सहा चौकोन. पहिली ओळ सरळ काढा. दुसऱ्या ओळीपासून प्रत्येक चौकोनासाठी फासा टाका. दानाला ओळीच्या क्रमांकाने गुणा. येईल तितके अंश चौकोन तिरका करा. दान सम आलं तर उजवीकडे, विषम आलं तर डावीकडे. पाचव्या ओळीत चार पडले, तर वीस अंश उजवीकडे. कळलं ना?

शेजारच्या मित्रालाही हाच नियम द्या. दोघांची चित्रं सारखी येणार नाहीत, तरी ती भावंडं वाटतील. मग नियम बदला. चौकोनाऐवजी त्रिकोण घ्या, नाहीतर मधूनच विस्कटायला सुरुवात करा. फासा काही तुम्हाला हे सुचवणार नाही. ते तुम्हालाच सुचावं लागेल.

आता पुन्हा त्या रागावलेल्या चित्रकाराकडे येऊ. ‘मी चित्र कसं काढतो?’ हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, बरं का! तुमचं एखादं आवडतं चित्र घ्या आणि ते कसं काढायचं, हे न दाखवता, नुसतं बोलून मित्राला सांगा. त्याने काढलेलं चित्र तुमच्या चित्राशेजारी ठेवा. काय काय सांगायचं राहून गेलं, ते लगेच दिसेल. कदाचित त्यातलं काही सांगताच येणार नाही. ते कशामुळे, याचा घरी आईबाबांबरोबर बसून विचार करा.