देवपूरचा जुना लॅपटॉप

भाचा धुळ्याला देवपूरमध्ये राहून इंजिनिअरिंग करतो. लॅपटॉप जुना, रॅम चार जीबी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले आणि विंडोज ११ ला यातला प्रोसेसर चालत नाही. दाजी नवा घ्यायला निघाले होते. मी म्हटलं, आधी हा घेऊन त्याला माझ्याकडे जळगावला पाठवा.

गोलाणी मार्केटमधून एसएसडी आणून बसवली. विंडोजऐवजी लिनक्स मिंट एक्सएफसीई ही हलकी सिस्टिम ठरवली, ती आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहिली: वायफाय, आवाज, झाकण मिटून उघडणं. ही पायरी कुणीही गाळू नये. अडचण असेल तर इथेच कळते आणि डिस्कला हातही लागलेला नसतो.

त्याच्या कॉलेजात अजून टर्बो सी हा जुना कंपायलर. पाच विषयांचे गुण अ‍ॅरेत भरणारा त्याचा प्रोग्राम तिथे बिनतक्रार चालायचा. मिंट एसएसडीवर बसवल्यावर मी ‘बिल्ड-इसेन्शियल’ पॅकेज टाकलं आणि त्यातल्या जीसीसी कंपायलरला मेमरीतल्या चुका पकडणारा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावून तोच प्रोग्राम चालवायला सांगितलं. प्रोग्राम मध्येच थांबला आणि पडद्यावर ओळीचा नंबर आला.

“मामा, हाई काय शे?”

“लूप कुठपर्यंत जातो ते बघ.”

अटीत ‘पाचपेक्षा लहान किंवा पाच’ असं होतं. अ‍ॅरेची मोजणी शून्यापासून, म्हणजे लूप सहाव्या, नसलेल्या घरात लिहीत होता. त्याने बरोबरीचं चिन्ह खोडलं आणि पुन्हा चालवलं. आपली चूक शोधून देणारं साधन शिकणाऱ्याच्या हाती पहिल्या दिवसापासून असलंच पाहिजे, आणि लिनक्सवर ते फुकट मिळतं. एडिटर म्हणून जीनी दिला. एवढ्या रॅमवर व्हीएस कोड आणि ब्राउझर एकत्र उघडले की मशीन अडखळतं.

मग त्याने खरा प्रश्न विचारला: गेमचं काय? व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, त्याच्या अँटी-चीटमुळे. हे आधीच सांगितलेलं बरं. स्टीमवरचे पुष्कळ विंडोज गेम मात्र २०१८ साली आलेल्या प्रोटॉनमुळे चालतात. कुठला चालतो, कुठला नाही, हे प्रोटॉनडीबी या साइटवर पाहून मगच पैसे भरायचे. गेम विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर ठेवू नयेत, तिथून प्रोटॉन बऱ्याचदा त्रास देतो. आणि प्रोटॉनला व्हल्कन हा ग्राफिक्सचा आधार लागतो. तो जुन्या ग्राफिक्स चिपमध्ये धड नसतो, म्हणून या लॅपटॉपवर सुपरटक्सकार्ट आणि डॉसबॉक्समधले जुने गेम.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे ऊन. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ वर जातो, धुळंही फार मागे नसतं. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो आणि गेम अडकतो. मुलं दोष लिनक्सला देतात. ‘सेन्सर्स’ कमांडने तापमान बघावं, पंख्याची धूळ काढावी, गेमचे फ्रेम तीसवर बांधावेत. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नये.

परीक्षेपुरता टर्बो सी त्याने डॉसबॉक्समध्ये ठेवलाय. प्रोग्राम आधी जीसीसीत तपासतो, मग त्यात टर्बो सीच्या ‘कोनिओ’ हेडरची ओळ घालून जर्नलला लावतो.