खाटेची उंची

मानकोलीपासून वळ, राहनाळ, पूर्णापर्यंत पसरलेली भिवंडीची गोदामं बहुतेक भातखाचरांवर उभी आहेत. आधी डंपर मुरूम ओतून जातात, मग जोतं चढतं, मग पत्र्याचा गाळा उभा राहतो आणि शटरवर नंबर पडतो. बांध भरावाखाली जातात. बांधातल्या बिळांचं काय झालं, ते मृगाचा पहिला मोठा पाऊस सांगतो. उरलेल्या खाचरांत पाणी तुंबतं, गटारं उलटी वाहू लागतात आणि चौफेर कोरडी म्हणावी अशी एकच जागा राहते. आमचं जोतं.

मी यातल्या एका गाळ्यात मालाचा हिशेब ठेवतो. आवक, जावक, मोडतोड. पावसाळ्यात होणाऱ्या काही आवकेला चलन नसतं. आधी बेडूक येतात, त्यांच्यामागे दिवड. दिवड बिनविषारी, पण तिरसट. डिवचली तर चावायला कमी करत नाही. गेल्या आषाढात कंटेनर लागतो त्या उतारावर तिने एक बेडूक धरला होता. मागचे पाय आत गेलेले. बेडूक अंग फुगवून बसला, आणि दिवड मुळीच घाई न करता जबड्याची एकदा डावी बाजू, एकदा उजवी बाजू पुढे सरकवत राहिली. फोर्कलिफ्ट बंद करून सगळे हमाल बघत उभे. गाडी उशिरा सुटली. कारणाच्या रकान्यात मी 'पाऊस' लिहिलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

धामणीचं येणं जास्त हिशेबी. बिस्किटांचे खोके आले की उंदीर येतात आणि उंदरांमागे ती. सहा-सात फुटांचं अंग रॅकच्या खांबावरून वर जाताना बघावं! गेटवर बसणारे तात्या, म्हणजे या जमिनीचे जुने धनी, तिला बघून जागचे उठतही नाहीत. "तुमचं ते सात नंबरचं शटर हाय ना, तिथं आमचा मोठा बांध व्हता. दर सालाला निघायची," एवढंच म्हणतात. त्यांच्या लेखी पाहुणे आम्ही. धामण नागाशी जुगते, गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हेही तेच सांगतात. उभ्याने एकमेकांना पीळ घातलेल्या दोन धामणी दिसतात ते दोन नर असतात आणि ती कुस्ती असते, असं मी एकदा त्यांना सांगून पाहिलं. "मंग कुस्ती सुटत का न्हाय येवडा येळ?" यावर मला काही सुचलं नाही.

घोणस मात्र तात्यांनाही उठवते. कुकरची शिट्टी अडकल्यासारखा तिचा फुत्कार आला की पॅलेटला हात लावायला कोणी धजत नाही.

तात्यांचं ठीक आहे, त्यांची ही ओळख पिढ्यांची. गाळ्यांतले हमाल आणि गावातल्या मागांवरचे कारागीर आले ते आझमगडहून, बस्तीहून, करीमनगरहून. तेलंगणातल्या कोरड्या मुलखातल्या विणकराला इथला पाऊस म्हणजे परदेशच. साप त्यानेही गावी पाहिलेले असतात. पण इथे तो कोणत्या फटीतून येतो, कोणत्या महिन्यात, पाणी किती चढल्यावर, हे शिकवायला त्याच्याजवळ तात्या नसतात.

आता सापावर काठी उचलण्याआधी मोबाइल उचलला जातो, ही चांगलीच गोष्ट. सर्पमित्र येतो, साप पिशवीत जातो, जीव वाचतो. मात्र कॅमेऱ्याला फणा लागतो. सगळ्या ग्रुपवर फिरतो तो नाग. बिचारं मांडूळ, ना विष ना फणा. त्याला गुप्तधनाच्या नादी लागलेली माणसं पकडून विकतात आणि ठाणे जिल्ह्यात त्यापायी अटकाही होतात.

मानमरातबाचीही हीच तऱ्हा. तानशाच्या अंगाला गेलं की वारली पाड्यांकडे वाघोबा भेटतो, शेंदूर फासलेला, चंद्रसूर्यासकट. नागाला पंचमी आहे. मण्यारीला ना देऊळ, ना सण, ना व्हिडिओ.

आणि खरी भीती तिचीच बाळगायला हवी. काळंनिळं चकचकीत अंग, त्यावर बारीक पांढरे पट्टे, लांबी जेमतेम तीन फूट. दिवसा डिवचली तरी मुटकुळं करून डोकं लपवते. रात्री मात्र ती पाली, उंदीर, दुसरे साप शोधत भिंतीच्या कडेकडेने फिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाने कूस बदलली की चावते. दात इतके बारीक की खूण दिसत नाही. सूज नाही, आग नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात. सोबत्यांना वाटतं, बारा तासांच्या पाळीचा शीण आहे, झोपू द्या. तिथेच घात होतो; तोवर श्वासाचे स्नायू ढिले पडू लागलेले असतात, आणि मग लसीबरोबर श्वास चालू ठेवणारं यंत्रही लागतं.

भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 माणसं दगावतात, असं 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात निघालं. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. 2030 पर्यंत हा आकडा निम्म्यावर आणायचा, असा केंद्र सरकारचा 2024 चा आराखडा आहे. मी काल्हेरला चौथ्या मजल्यावर राहतो. माझ्या घरी साप येतो तो फोनवर. यंत्रमागाच्या खोलीत दिवसपाळीचा माणूस उठला की त्याच पथारीवर रात्रपाळीचा आडवा होतो, आणि ती पथारी फरशीवर असते. भिवंडीत कोणाची कोणत्या जनावराशी गाठ पडणार, हे जंगल किती लांब आहे यावर फारसं ठरत नाही. माणूस जमिनीपासून किती वर झोपतो, यावर ठरतं.

उपाय डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आलेत: खाट, आणि कडा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. आमचे वॉचमन चाचा आझमगडचे. त्यांनी खाटेसाठी गोदामात दोनदा विचारलं. वॉचमनला झोपायला पगार देतात का, असं उत्तर आलं. मग त्यांनी जुनी पॅलेट घेतली. पॅलेटच्या पोकळीतच साप बसतो हे त्यांना ठाऊक, म्हणून खालच्या फळ्या उखडल्या, हात-हातभर उंचीचे पाय ठोकले, भिंतीपासून ओढून मधोमध मांडली आणि पॅकिंगच्या पट्ट्यांवर मच्छरदाणी ताणली. "बाबूजी, अब आने दो," म्हणाले.

वर्षाअखेरीच्या मोजणीत चार पॅलेट कमी भरली. मी ती मोडतोडीत टाकली. या पावसाळ्याच्या आधी हमालांनी आणखी सहा मागितली आहेत.