पडझडीचा गुरुवार

१२ जुलै १९७९, गुरुवार. त्या दिवसाचं वर्तमानपत्र वाचनालयातल्या बांधीव फायलीत उघडलं की वाटतं, जगात काही उभं राहायलाच तयार नव्हतं. अमेरिकेची स्कायलॅब पडली होती. दिल्लीत मोरारजींचं सरकार पडायच्या बेतात होतं. आणि आपला क्रिकेट संघ एजबॅस्टनला पहिली कसोटी खेळायला उतरणार होता, म्हणजे दुपारनंतर तिथंही काहीतरी पडणारच होतं.

आधी स्कायलॅब. ७७ टनांची ही प्रयोगशाळा १९७३ साली वर गेली आणि १९७४ च्या फेब्रुवारीत शेवटचे तीन अंतराळवीर परत आल्यापासून रिकामीच फिरत होती. सूर्यावरची खळबळ अंदाजापेक्षा वाढली, वातावरण तापून फुगलं आणि त्याच्या घर्षणानं ती खाली सरकू लागली. तिला वर ढकलायला जे स्पेस शटल यायचं होतं, ते वेळेत तयारच झालं नाही. यातलं बाकीचं शास्त्र आमच्या गावाला कळलं नाही, पण हे शेवटचं कारण कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

त्या आठवड्यात गावातल्या कोंबड्या कमी झाल्या, असं जुनी माणसं सांगत. मरायचंच तर उपाशीपोटी कशाला? गटारी अमावास्या होती २४ जुलैला. तोवर राहतोय की नाही या विचारानं ज्यांनी ती आधीच उरकली, त्यांना स्कायलॅब चुकल्यावर ती रीतसर पुन्हा साजरी करावी लागली. आजीची अडचण वेगळीच होती. आषाढी होऊन आठवडा झालेला, विठोबा चार महिन्यांसाठी झोपलेला. “मेल्यांना हीच वेळ सापडली,” ती म्हणायची. रात्री देवघरासमोरून जाताना मात्र ती मुद्दाम पाय आपटत जाई.

नासानं हिशेब मांडला होता: तुकडा कुठल्यातरी माणसाला लागण्याची शक्यता १५२ मध्ये १. एखाद्या ठरावीक माणसाला लागण्याची शक्यता ६०० अब्जांत १. आम्ही दुसरा आकडा सोडून दिला आणि पहिला धरला, कारण तो ‘कुठलातरी’ म्हणजे आपणच, याबद्दल गल्लीत कुणालाच शंका नव्हती.

स्कायलॅब आली ती आपल्या घड्याळात ११ तारखेच्या रात्री दहाच्या सुमारास. तोवर गावाकडची डाक आवृत्ती छापून निघालेली. त्यामुळे शहरात ती पडून गेली होती आणि आमच्याकडे सकाळी अजून पडायची होती. रेडिओनं सांगूनही छापील शब्दावर श्रद्धा असलेली मंडळी दुपारपर्यंत अधूनमधून वर बघत होती.

खरी गंमत मात्र दिल्लीच्या बातमीत आहे. यशवंतराव चव्हाण १० जुलैला लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले आणि ११ ला त्यांनी मोरारजींच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला. महाराष्ट्रात या दोन नावांचा जुना हिशेब होता. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातला गोळीबार लोक मोरारजींच्या नावानं लक्षात ठेवून होते आणि १९५६ साली मुंबईच्या मुख्यमंत्रिपदावर मोरारजींच्या जागी आले ते यशवंतरावच. तेवीस वर्षांनी तीच जोडी, फक्त खुर्ची मोठी. पारावरच्या म्हाताऱ्यांनी त्या सकाळी स्कायलॅबची बातमी घडी करून बाजूला ठेवली असणार, अशी माझी खात्री आहे.

मोरारजींनी मतदानाची वाट न बघता १५ जुलैला राजीनामा दिला. इथपर्यंत कुणीही अंदाज केला असता. पण ठराव मांडणारे यशवंतराव २८ जुलैला चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान होतील आणि ते सरकार लोकसभेला एकदाही तोंड न दाखवता २० ऑगस्टला राजीनामा देईल, असं १२ तारखेला एखाद्यानं लिहून दिलं असतं, तर वृत्तसंपादकानं त्याला दोन दिवस रजा घ्यायला सांगितलं असतं. रिकाम्या लोखंडाची कक्षा मोजायला नासा होती. माणसांनी भरलेल्या संसदेची कक्षा मोजणारं यंत्र अजूनही कुणी बनवलेलं नाही. टीव्हीवरचे पंडित मोजल्याचा आव आणतात एवढंच.

क्रिकेटचं थोडक्यात. गावसकरकडून काढून कर्णधारपद वेंकटराघवनला दिलेलं होतं आणि मुंबईत हा विषय स्कायलॅबपेक्षा जास्त तापलेला असणार. इंग्लंडनं ५ बाद ६३३ वर डाव सोडला. गावर नाबाद २००, बॉयकॉट १५५. पडलेले पाचही बळी एकट्या कपिल देवचे. आपण एक डाव आणि ८३ धावांनी हरलो, तेव्हा त्या पाच बळींचं कौतुक करायला फारसं कुणी शिल्लक नव्हतं. आज तो कसोटी सामना कशासाठी आठवावा, तर त्यासाठीच.

पुढच्या महिन्यात, १० ऑगस्टला, आपलंही एक पडलं. श्रीहरिकोट्याहून उडालेलं पहिलं एसएलव्ही-३ थेट बंगालच्या उपसागरात गेलं. आणि दुसऱ्याच दिवशी गुजरातेत मोरबीजवळचं मच्छू धरण फुटून माणसं हजारांनी गेली. त्याची शक्यता कुठल्याच अंकात छापून आली नव्हती.

स्कायलॅबचं म्हणाल तर हिशेब थोडा चुकला आणि तिचे तुकडे हिंदी महासागर ओलांडून पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्स गावाच्या आसपास विखुरले. कुणालाही इजा झाली नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्रानं पहिला तुकडा आणून देणाऱ्याला दहा हजार डॉलर लावले होते. एस्परन्सचा सतरा वर्षांचा एक मुलगा तुकडे घेऊन तडक विमानात बसला आणि पैसे घेऊन आला. तिथल्या स्थानिक कारभाऱ्यांनी उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलर दंड ठोठावला. नासानं तो भरला नाही. २००९ साली एका अमेरिकन रेडिओ निवेदकानं श्रोत्यांकडून वर्गणी काढून तो भरला. आमच्या गावातल्या ज्यांनी त्या आठवड्यात उधारीवर कोंबड्या उचलल्या होत्या, त्यांच्यासाठी अशी वर्गणी काढायला अजून कुणी पुढं आलेलं नाही.