बिनखटक्याची कळ

सायकलीचा गिअर बदलण्याची आमची कळ बिनखटक्याची आहे. तार ओढावी तेथें ती केवळ घर्षणानें स्थिर राहते. शिमानोनें 1984 सालीं खटक्यांची पद्धत आणल्यापासून अशी कळ जुनाट ठरली. मागील आठ चक्रांच्या जागीं दहा बसवितांना दुकानदारानें ती टाकून देण्याचा आग्रह धरला. आम्हीं ती ठेविली. दोन चक्रांतील अंतर 4.8 मिलिमीटरांवरून 3.95 वर आलें. आठांची खटक्याची कळ तेथें निरुपयोगी झाली असती. हिला मोजमापच ठाऊक नाहीं! साखळी कुरकुरली कीं कळ केसभर सरकवावी, कुरकुर थांबते. दात्यांच्या आजच्या घडणीमुळें साखळी चटकन चढते, हे अर्थात् नव्यांचेच उपकार. बारा चक्रांवर मात्र ती केसभर जागा फारच अरुंद होते, चढावर दमलेल्या हातास सांपडत नाहीं. पुतण्याच्या सायकलीस आम्हीं खटक्याचीच कळ बसवून दिली.