मोहाचा लाडू

आमच्या गडचिरोलीकडे मोहफुले म्हटली की लोकांना दारूच आठवते. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी. म्हणून घरात फुले ठेवायचीही मला लाज वाटे. पहाटे वेचायची, वाळवायची, मिळेल त्या भावाने विकायची.

परवा गावात एका दिवसाचा लाडूवर्ग झाला. वाळली फुले चोळून केसर पाखडले, मंद आचेवर भाजली, तीळ-शेंगदाण्यांसह कुटून लाडू वळले. माझा पहिला घाणा करपला! शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "१९४६ साली व्हिएतनाममधल्या हॅनोईत दुधाची टंचाई होती. एकाने अंड्याचा बलक साखरेत फेटून कॉफीत घातला. आज त्या कॉफीचे जगभर नाव आहे. आपल्याजवळ आहे, त्याचेच सोने करावे."

लाडू चाखून सासूबाई म्हणाल्या, "लहानपणी आम्ही हेच खायचो." यंदा दोन पायल्या फुले घरीच ठेवलीत. तुम्हीही ठेवून पाहा.