निवृत्तीचा हिशेब

बाईची ‘पाळी गेली’ असे मराठीत म्हटले जाते. वैद्यकाच्या परिभाषेत तिलाच ‘रजोनिवृत्ती’ असे भारदस्त नाव आहे. दोन्ही शब्दांत काहीतरी संपल्याची नोंद आहे. अंगातून अवचित उठणाऱ्या झळा, घामाने मोडणारी झोप आणि त्याबद्दल घरात पाळले जाणारे मौन यांची नाही.

वैद्यकाने या मौनाला उत्तर दिले ते मोठ्या आवाजात. १९६६ साली अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट विल्सन यांच्या ‘फेमिनाइन फॉरएव्हर’ या पुस्तकाने रजोनिवृत्तीला उणिवेचा आजार ठरवले आणि इस्ट्रोजेनच्या रूपाने जणू चिरतारुण्याचे आश्वासन दिले. १९७५ मध्ये एकट्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढत असल्याचे पुरावे पुढे आले. मग अस्तराच्या रक्षणासाठी त्याला प्रोजेस्टिनची जोड देण्यात आली. जुलै २००२ मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी अभ्यासातील या जोडउपचाराची चाचणी मुदतीआधीच थांबली. स्तनकर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो, ही वार्ता जगभर गेली आणि असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या.

तीच गोष्ट दुसऱ्या रीतीनेही सांगता येते : वर्षाला दहा हजार स्त्रियांमागे ३० ऐवजी ३८. या आठ स्त्रिया नगण्य नव्हेत. पण टक्केवारीने जी धडकी भरते, ती या आठांनी भरत नाही. शिवाय त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. झळांनी हैराण होणारी बाई बहुधा पन्नाशीच्या आसपास असते. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू करणाऱ्या निरोगी स्त्रीच्या बाबतीत लाभाचे पारडे सहसा जड ठरते, हे पुढील विश्लेषणांतून दिसून आले. झळा शमतात, हाडेही जपली जातात. स्तनकर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीला मात्र हा उपचार सहसा दिला जात नाही.

चिरतारुण्याचे आश्वासन आणि कर्करोगाचे भय, दोन्ही सरसकट साऱ्या स्त्रियांना उद्देशून होती. प्रत्येकीचा प्रश्न मात्र तिच्यापुरता असतो : आराम किती, आणि त्याची किंमत काय? तिचे वय, तिची दुखणी, घराण्यातले आजार आणि ती किती सोसते आहे, हे जाणून घेतल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही. आकडे अभ्यास पुरवतो. त्यांचा अर्थ तिच्याशी बोलूनच लावावा लागतो.