हात कुणाचा?

बंदुकीच्या लॉकप्लेटवर कोरलेलं नाव दुकानाचं असतं. ज्यानं ते कोरलं, त्याचं नाव तिथं कुठंच नसतं. जुन्या शिकारी बंदुकांच्या नक्षीत ज्याचे डोळे गेले त्याला हे कुणी सांगायला नको. पण अलीकडं हीच गोष्ट मला फार डाचते.

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसच्या संग्रहालयात लोक पेंढा भरलेले वाघ बघतात. मी शिकारीच्या हत्यारांपुढं काचेला नाक लावून स्क्रूची डोकी बघत उभा राहतो. संस्थानिकांच्या हौसेच्या बंदुका पर्डी, हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स अशा घराण्यांच्या असत. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा कंपनीचं नाव घेऊन आलेल्याही पुष्कळ. पण लंडन-बर्मिंगहॅमचे कोरणारे बरेचसे बाहेरचे कारागीर. नगावर मजुरी, आज या दुकानाचं काम, उद्या त्या दुकानाचं. पर्डीची ती प्रसिद्ध बारीक गुलाबवेल बसवली जेम्स ल्यूकसनं, आणि जग तिला पर्डीची वेल म्हणतं. हॅरी केल लंडनच्या सोहो भागातल्या आपल्या कारखान्यात बसून अनेक घराण्यांसाठी कोरत राहिला. त्याच्या हाताखाली शिकलेल्या केन हंटनं पुढं कामावर सही केली, तेव्हा कुठं बंदुकीची नक्षी माणसाच्या नावानं ओळखली जायला लागली.

आपल्याकडं हे आधीच होऊन गेलं होतं. अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवलंय की अकबराच्या कारखान्यातल्या प्रत्येक बंदुकीवर लोखंडाचं वजन, ते कुठून आणलं ते ठिकाण, घडवणारा, घडवल्याची जागा, तारीख आणि क्रमांक अशा खुणा घालत. टिपूच्या श्रीरंगपट्टणच्या बंदुकांवर वाघाच्या पट्ट्यांच्या नक्षीबरोबर कारागिराचं नावही सापडतं, टिपूनं स्वतः सुरू केलेल्या मौलूदी सनासकट. असद खान महंमद हे त्यातलं एक. 1799 मध्ये पट्टण पडलं आणि त्यातल्या कित्येक बंदुका इंग्रजांनी उचलून नेल्या. पण घडवणाऱ्याचं नाव त्यांच्यावरून गेलं नाही.

बिननावाच्या कामात हात ओळखायचा कसा, या एकाच प्रश्नाभोवती मी आयुष्यभर फिरतोय. वाघ, काळवीट, कुत्री बघून हात सापडत नाही. ती बहुधा छापील चित्रांवरून उतरवलेली. रेहेकुरीचे काळवीट आणि कडबनवाडीच्या माळावरचे चिंकारे बघत मी मोठा झालो. काळविटाचं शिंग पीळ घेत चढतं. चिंकाऱ्याच्या शिंगाला वळी असतात, पीळ नसतो. एका विलायती बंदुकीच्या लॉकप्लेटवर, म्हणजे पाटीवर, मी सांबराच्या थाटात उभा राहिलेला काळवीट पाहिलाय. कोरणाऱ्यानं तो जन्मात पाहिला नव्हता एवढं त्यावरून कळलं, कोण कोरणारा ते नाही कळलं.

हात सापडतो वेलीत, आणि वेलीतही तिच्या शेपटात. भिंगाखाली धरा. हातोडीनं हाकलेल्या छिन्नीच्या चरीत बारीक पायऱ्या दिसतात. तळव्यानं रेटलेल्या छिन्नीची चर गुळगुळीत असते. वळण घेताना छिन्नी बाहेर कलंडते, तेव्हा चरीची एक भिंत उताराची होते आणि तीच उजेड पकडते. कुणी किती कलंडवतो, ते कुणी कुणाला शिकवत नाही. उजव्या हाताच्या माणसाची एका अंगाला वळणारी वेल सलग जाते, उलट वळणारीला कुठंतरी सांधा लागतो. तो सांधा तो कुठं लपवतो ते बघायचं. आणि शेवटी, जिथं छिन्नी पत्र्यातून बाहेर पडते, तिथं कुणी ती झटकन उचलतो, कुणी हळूहळू उथळ करत विरवतो. पुढच्या वाघाकडं गिऱ्हाइकाचं लक्ष जाणार हे कोरणाऱ्याला माहीत असतं, म्हणून तिथं तो सावध असतो. स्क्रूच्या डोक्यावरच्या वेलीत तो जसा आहे तसा सापडतो.

पण एका बंदुकीवर एकच हात असतो, हे तरी कुणी सांगितलं? जनावरं उस्तादानं काढलेली, वेल दुसऱ्यानं, काठ एखाद्या शिकाऊ पोरानं. हे ध्यानात न घेता मोठ्या नावाचं लेबल लावणारे जाणकार आणि दलाल पाहिले की माझं डोकं फिरतं. एक गुलाब दिसला की झाला ल्यूकस, आणि किंमत दुप्पट! त्यांच्यापेक्षा वाईट ते बफवाले. शंभर-सव्वाशे वर्षं जपलेली पाटी चाकावर धरून आरशासारखी चकचकीत करतात आणि चरीच्या कडा मारून टाकतात. कड गेली की हात गेला. मग कुणी कितीही भिंगं लावा. नक्षी कोरून झाल्यावर पाटीला पाणी दिलेलं असतं, ते उतरवल्याशिवाय चर पुन्हा नीट उठवता येत नाही, आणि पाणी उतरवताना जुने रंगही जातात. लेझरबद्दल माझी वेगळी तक्रार आहे. लेझरची रेघ सुरुवातीपासून शेवटापर्यंत सारखीच खोल असते. तिच्यात कुणी राहतच नाही.

आता जे मला खरंच सतावतंय ते. मी स्वतःही कोरणारा, आणि माझ्या अंगठ्याला कंप सुटलाय. सरळ रेघ जमते, उलट वळणारी वेल पुतण्याच्या मुलीकडं द्यावी लागते. दिवसा ती इथल्याच लोणी देवकरच्या एमआयडीसीत टूलरूमला असते, संध्याकाळी माझ्या शेडमध्ये. एका जुन्या दुनळीच्या पाटीवरची झिजलेली वेल आम्ही दोघांनी मिळून उठवली. परवानाधारक दुकानदार पाटी घेऊन आला होता आणि काम होईतो समोर बसून होता. भिंग लावून म्हणाला, “अण्णा, तुमचा हात अजून तस्साच आहे.” त्याचं बोट तिच्या वेलीवर होतं.

मला आनंद झाला नाही. ऐन उमेदीत मी माझ्या वेलीत एक खूण ठेवायला लागलो होतो: शेवटच्या वळणाआधी एक बारीक पान उलटं वळवायचं. कुणी विचारलं तर सांगायचो, जागा भरायला आहे. खरं म्हणजे ती माझी सही होती, आणि कुणीतरी ती एक दिवस ओळखावी म्हणून मी वर्षानुवर्षं वाट बघत होतो. पोरीनं ते पान नुसतं बघून उचललं. माझी तरुणपणची पाटी आणि आजची पाटी शेजारी ठेवली तर कुणीही म्हणेल, दोन माणसं. माझी तरुणपणची पाटी आणि तिची आजची ठेवली तर म्हणेल, एकच. केल आणि हंटच्या कामापुढंही लोकांचं असंच होत असेल. ज्या खुणांवर मी दुसऱ्यांचे हात ठरवत आलो, त्या खुणा वयानं बदलतात आणि शिकवल्यानं पसरतात.

म्हणून आता पाटीच्या आतल्या अंगाला, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, जेवढं काम आमचं तेवढ्याची नोंद कोरतो: नाव, गाव, साल. जुन्या कारागिराच्या खात्यावर आमची रेघ जाऊ नये आणि आमच्या खात्यावर त्याची. पोरगी म्हणाली, “आबा, वेल तुमचीच आहे, माझं नाव कशाला?” मी ऐकलं नाही. तिच्याकडून तिचं नाव वेगळं कोरून घेतलं आणि ते उलटं पान टाकून तिची स्वतःची खूण शोधायला सांगितलं. पान माझं आहे, ते माझ्यापाशीच राहू दे. पुढं कुणी भिंग लावून बसेल, त्याला आम्हा दोघांतला फरक सापडावा. आणि सापडल्यावर त्यानं जुना हात सरस म्हणावा, हीसुद्धा इच्छा आहेच.